अमिनो आम्ल : द्रव्य आणि संकेत

ग्लुकोज, अमोनियाचा एखादा क्षार, फॉस्फेट, सल्फेट आणि थोडे मॅग्नेशियम एवढ्या साहित्यावर ‘एशेरिकिया कोलाय’ हा आतड्यातील जीवाणू उत्तम वाढतो. आपल्या प्रथिनांना लागणारी वीसही अमिनो आम्ले तो या साध्या द्रव्यांतून स्वतःच घडवितो आणि ३७ अंश तापमानास साधारण तासाभरात संख्येने दुप्पट होतो. अशा माध्यमात एखादे तयार अमिनो आम्ल बाहेरून घातले, तर जीवाणूचे तेवढे श्रम वाचतील आणि त्याच्या वाढीस मदत होईल, निदान बाध तरी येणार नाही, अशी अपेक्षा कोणीही सहज करील. परंतु या जीवाणूच्या ‘के-१२’ नावाच्या वाणाला लिटरमागे शंभर मिलिग्रॅम व्हॅलीन दिले की त्याची वाढ थांबते. व्हॅलीन हे विष नव्हे. त्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रथिनात ते असतेच. याहून नवलाची गोष्ट अशी की, त्याच माध्यमात आयसोल्यूसीन या दुसऱ्या अमिनो आम्लाची थोडी मात्रा टाकली असता वाढ पुन्हा सुरू होते.

के-१२ हा काही कोपऱ्यातला अपरिचित वाण नव्हे. १९२२ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून तो वेगळा करण्यात आला. लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्ये जीवाणूंतही लैंगिक संकरासारखी देवघेव होते हे सिद्ध केले, ते याच वाणावर. आणि १९९७ मध्ये एशेरिकिया कोलायचा संपूर्ण जनुकीय अनुक्रम प्रथम प्रसिद्ध झाला, तोही याचाच. ज्या वाणावर एका शास्त्राची इमारत उभी राहिली, त्यालाच एक नित्याचे पोषकद्रव्य सोसत नाही, आणि त्याचा निकटचा नातलग साल्मोनेला मात्र व्हॅलीनला दाद देत नाही. या विसंगतीची उकल करताना जीवरसायनाचे एक मोठे प्रकरण उलगडते. ते प्रकरण भाषाभ्यासकालाही जवळचे वाटावे असे आहे. कारण अमिनो आम्ल हे पेशीत केवळ बांधकामाचे द्रव्य म्हणून वावरत नाही. ते संकेत म्हणूनही वावरते, आणि के-१२ ची उपासमार ही द्रव्याच्या अभावातून सुरू होत नसून संकेताच्या एका घोटाळ्यातून सुरू होते.

प्रथम घडणीचा मार्ग पाहू. आयसोल्यूसीनची सुरुवात थ्रिओनीन या अमिनो आम्लापासून होते. थ्रिओनीन डिअ‍ॅमिनेज हे एंझाइम थ्रिओनीनमधील नायट्रोजन काढून कीटोब्युटिरेट नावाचे चार कार्बनी आम्ल बनविते. पुढच्या पायरीवर दुसरे एक एंझाइम या कीटोब्युटिरेटशी पायरुवेटमधील दोन कार्बन जोडते. त्याचे शास्त्रीय नाव लांबलचक असल्याने येथे त्याला संयोजक एंझाइम म्हणू. त्यानंतर तीन पायऱ्या चढून आयसोल्यूसीन तयार होते. व्हॅलीनचा मार्ग याच्या शेजारून जातो. तेथे संयोजक एंझाइम पायरुवेटचा एक रेणू पायरुवेटच्याच दुसऱ्या रेणूशी जोडते, आणि पुढच्या तीन पायऱ्याही तीच तीन एंझाइमे पार पाडतात. थोडक्यात, दोन निरनिराळ्या अमिनो आम्लांसाठी चार एंझाइमांची एकच साखळी राबते. फरक असतो तो आत येणाऱ्या कच्च्या मालाचा. व्हॅलीनच्या मार्गावरून शेवटच्या पायरीआधी एक फाटा फुटतो, तो ल्यूसीनकडे जातो.

तयार अमिनो आम्ल बाहेरून मिळाले तर जीवाणू आपली स्वतःची निर्मिती चालू ठेवतो की थांबवितो, हा प्रश्न १९५० नंतरच्या दशकात प्रयोगाच्या कक्षेत आला. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतील रॉबर्ट्स, एबलसन, काउई, बोल्टन आणि ब्रिटन यांनी किरणोत्सर्गी कार्बन असलेल्या ग्लुकोजवर जीवाणू वाढविले आणि त्यात एकेक साधे, अकिरणोत्सर्गी अमिनो आम्ल मिसळून पाहिले. जीवाणू स्वतःची निर्मिती करीतच राहिला असता, तर त्या अमिनो आम्लात किरणोत्सर्गी कार्बन सापडला असता. पुष्कळ अमिनो आम्लांच्या बाबतीत तो सापडला नाही. बाहेरचा पुरवठा सुरू होताच घरची चूल विझत होती. हे निष्कर्ष १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १९५४ मध्ये, नोव्हिक आणि झिलार्ड यांना ट्रिप्टोफॅनच्या एका पूर्वद्रव्याबाबत असाच अनुभव आला होता.

चूल विझते हे कळले, पण ती कोण विझवितो? १९५६ मध्ये एडविन अंबार्गर यांनी आयसोल्यूसीनच्या मार्गासंबंधी उत्तर दिले. त्यांना असे दिसले की, आयसोल्यूसीन हे स्वतःच त्या मार्गावरच्या पहिल्या एंझाइमाला, म्हणजे थ्रिओनीन डिअ‍ॅमिनेजला, निष्क्रिय करते. मधल्या पायऱ्यांना ते हात लावीत नाही. साखळीचे शेवटचे कडे पहिल्या कड्याला आवर घालते. त्याच वर्षी येट्स आणि पार्डी यांनी पिरिमिडीनांच्या बाबतीत हाच नियम दाखवून दिला. यालाच पुढे प्रतिसंभरणाचे नियंत्रण म्हणू लागले. यात पेशीची बचत दुहेरी आहे: पहिलीच पायरी अडविल्याने अर्धवट बनलेला माल मधल्या मध्ये साचत नाही, आणि साखळीवरच्या प्रत्येक एंझाइमासाठी वेगळा पहारेकरी ठेवावा लागत नाही.

या ठिकाणी क्षणभर थांबणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व विवेचनाचे मर्म येथे आहे. थ्रिओनीन डिअ‍ॅमिनेज थ्रिओनीनवर काम करते. आयसोल्यूसीनचा रेणू आकाराने त्याहून निराळा. तर मग तो त्या एंझाइमाला अडवितो कसा? जागेसाठी झोंबाझोंबी करून नव्हे. पॅरिसच्या पास्तर संस्थेत झां-प्येर शांजो यांनी याच एंझाइमावर केलेल्या कामातून असे ठरले की, एंझाइमावर काम करण्याची जागा एक आणि हुकूम ऐकण्याची जागा दुसरी असते. दुसऱ्या जागी आयसोल्यूसीन बसले की एंझाइमाचा आकार बदलतो आणि पहिल्या जागेचे काम मंदावते. मोनो आणि झाकोब यांनी १९६१ मध्ये या प्रकाराला ‘अन्य आकाराचा’ या अर्थाचे ग्रीक धातूंवरून बनविलेले ‘अ‍ॅलोस्टेरिक’ हे नाव दिले, आणि १९६३ मध्ये मोनो, शांजो आणि झाकोब यांनी त्याची सविस्तर उपपत्ती मांडली. ज्याने हुकूम द्यायचा आणि ज्यावर काम व्हायचे त्या दोहोंत कोणताही रासायनिक संबंध असण्याची गरज नाही, ही त्या उपपत्तीतील सर्वांत खोल गोष्ट होय. संबंध आहे तो केवळ उत्क्रांतीने बांधलेला. मोनो यांनी आपल्या १९७० च्या ग्रंथात या गुणाला एक नाव दिले. मराठीत त्याचा आशय ‘निर्निमित्तता’ या शब्दाने सांगता येईल.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कल्पना ऐकताच सोस्यूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. शब्दाचा ध्वनी आणि त्याचा अर्थ यांत निसर्गसिद्ध नाते नसते, ते रूढीने बांधलेले असते, हा सोस्यूरच्या चिन्हविचाराचा पाया. आपल्याकडे हा वाद फार जुना. शब्दार्थसंबंध नित्य आहे असे मीमांसकांनी म्हटले आणि तो संकेताने ठरतो असे नैयायिकांनी. एंझाइमाच्या जगात विजय नैयायिकांचा झाला, असे विनोदाने म्हणता येईल. तथापि हे साम्य कोठपर्यंत ताणावयाचे याचे भान सुटता कामा नये. रोमान याकोबसन यांनी आनुवंशिक संकेतावली आणि भाषा यांच्या रचनेतील साम्यावर १९६० नंतरच्या दशकात बराच भर दिला. याच प्रश्नावर झाकोब यांनी १९७४ मध्ये फ्रेंचमध्ये एक निबंध लिहिला, तो अधिक सावध होता. पेशीत कोणी बोलणारा नाही, कोणी ऐकणारा नाही, कोणाचा हेतू नाही. संकेत म्हणजे एवढेच की, एका रेणूची उपस्थिती स्वतःच्या रासायनिक गुणांपलीकडे जाऊन कशाची तरी सूचना ठरते, आणि त्या सूचनेनुसार वागणाऱ्या पेशी टिकून राहतात. या मर्यादित अर्थाने ‘संकेत’ हा शब्द येथे अलंकार नसून वर्णन आहे.

आता के-१२ कडे वळू. व्हॅलीनचा संकेत असा : ‘व्हॅलीन पुरे.’ तो ज्या एंझाइमाला उद्देशून आहे ते म्हणजे संयोजक एंझाइम. व्हॅलीन वाढले की ते एंझाइम मंदावते आणि व्हॅलीनची निर्मिती थांबते. परंतु हेच एंझाइम आयसोल्यूसीनच्याही मार्गावर आहे. एंझाइमाला कळणारा संकेत एक आणि त्याची कामे दोन. संकेताला ‘कशाचे पुरे’ हे सांगण्याची सोय नाही. पंगतीत एकाने ‘पुरे’ म्हणताच वाढप्याने भांडे उचलून शेजाऱ्याच्याही पानावरून पुढे जावे, तसे होते. शेजारी उपाशी राहतो. व्हॅलीनची रेलचेल असलेल्या माध्यमात के-१२ आयसोल्यूसीनच्या तुटवड्याने थांबतो, आणि म्हणूनच बाहेरून आयसोल्यूसीन दिले की लगेच सावरतो. ल्यूसीनचीही अशीच गत का होत नाही, अशी शंका चिकित्सक वाचकाला येईल. त्याचे उत्तर असे की, व्हॅलीनची शेवटची पायरी उलट दिशेनेही चालते. बाहेरून आलेल्या व्हॅलीनपासून एक पायरी मागे जाऊन ल्यूसीनचा फाटा गाठता येतो. आयसोल्यूसीनला अशी परतीची वाट नाही.

घोटाळा एवढ्यावरच थांबत नाही. मार्गावरच्या पहिल्या दरवाज्याशी, म्हणजे थ्रिओनीन डिअ‍ॅमिनेजशी, व्हॅलीनचे वागणे अगदी उलट आहे. तेथे ते आयसोल्यूसीनच्या प्रभावाला विरोध करते आणि एंझाइमाला चेतविते. दोन्ही भावंडांची निर्मिती समतोल राहावी म्हणून ही योजना आहे, हे उघड आहे: व्हॅलीन भरपूर झाले, तर आयसोल्यूसीनकडे माल वळवा. सुस्थितीत ही योजना शहाणपणाचीच ठरते. परंतु आपल्या प्रयोगात पहिला दरवाजा व्हॅलीनने सताड उघडला आहे, त्याला बंद करणारे आयसोल्यूसीन संपत आले आहे, आणि पुढचा दरवाजा व्हॅलीननेच लावून घेतला आहे. मधल्या ओसरीत कीटोब्युटिरेट साचू लागते. हे आम्ल साचल्याने पेशीच्या इतर व्यवहारांनाही अपाय होतो. एकाच रेणूचे दोन संकेत, प्रत्येक आपापल्या जागी बरोबर, मिळून पेशीला कोंडीत पकडतात.

येथवर जे पाहिले ते आयत्या एंझाइमांचे नियंत्रण झाले. एंझाइम तयारच करावे की नाही, हा दुसरा आणि अधिक मंद गतीचा निर्णय. १९५३ मध्ये मोनो आणि कोआं-बाझीर यांनी ट्रिप्टोफॅनच्या उपस्थितीत ट्रिप्टोफॅन घडविणाऱ्या एंझाइमाची उत्पत्तीच थांबते असे दाखविले. १९५७ मध्ये हेन्री व्होगेल यांनी या प्रकाराला ‘दमन’ या अर्थाचे नाव दिले. १९६१ च्या झाकोब-मोनो सिद्धांतानुसार, एकमेकांशेजारी असलेल्या जीनांच्या गटापुढे, म्हणजे ऑपेरॉनपुढे, एक नियंत्रक जागा असते आणि तेथे एक दमनकारी प्रथिन येऊन बसते. ट्रिप्टोफॅनच्या बाबतीत हे प्रथिन एकटे असताना निरुपयोगी असते; ट्रिप्टोफॅनचा रेणू त्याला चिकटला म्हणजेच ते डीएनएवर नीट बसते. ही उपपत्ती इतकी सुबक होती की, तिने प्रश्न संपला असे काही काळ वाटले. पण १९७३ मध्ये जॅक्सन आणि यानॉफ्स्की यांना एक अडचणीची गोष्ट आढळली. नियंत्रक जागा आणि पहिला जीन यांच्यामधील डीएनएचा काही भाग गळाला, तर एंझाइमांची निर्मिती वाढत होती. दमनकारी प्रथिन मुळातच नसले तरीही वाढत होती. त्या मधल्या भागात आणखी एक नियंत्रण दडलेले होते.

त्या भागाचा अनुक्रम वाचला गेला तेव्हा त्यात एक चिमुकले, चौदा अमिनो आम्लांचे प्रथिन लिहिलेले आढळले. त्याला अग्र-पेप्टाइड म्हणतात. पेशीत या पेप्टाइडाचे स्वतःचे असे काहीच काम नाही. ते बनते आणि मोडून जाते. मात्र त्याच्या दहाव्या आणि अकराव्या स्थानी लागोपाठ दोन ट्रिप्टोफॅन आहेत. ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांत विरळा आढळणारे अमिनो आम्ल. इतक्या लहान साखळीत ते दोनदा, तेही शेजारीशेजारी, यावे हा योगायोग असणे कठीण. उलगडा असा झाला. जीवाणूत डीएनएवरून आरएनएची प्रत निघत असतानाच त्या प्रतीच्या पुढच्या टोकावर रायबोसोम चढतो आणि वाचन सुरू करतो. लिहिणारा आणि वाचणारा एकाच धाग्यावर एकामागून एक चालतात. ट्रिप्टोफॅन मुबलक असेल तर रायबोसोम अग्र-पेप्टाइड झरझर पुरे करतो. त्यामुळे मागचा आरएनए अशा रीतीने दुमडतो की त्याची एक विशिष्ट गाठ बनते आणि प्रत काढणारे एंझाइम तेथेच गळून पडते. पुढचे जीन वाचलेच जात नाहीत. ट्रिप्टोफॅन दुर्मिळ असेल तर रायबोसोम त्या दोन शब्दांपाशी अडखळून उभा राहतो. आरएनएची घडी वेगळी पडते, ती गाठ बनत नाही, आणि प्रत काढण्याचे काम पुढे चालू राहून ट्रिप्टोफॅन घडविणारी एंझाइमे तयार होतात. चार्ल्स यानॉफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ही यंत्रणा ‘क्षीणीकरण’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. दमनामुळे निर्मितीत सुमारे सत्तरपट फरक पडतो, क्षीणीकरणामुळे सुमारे दहापट. दोन्ही मिळून सातशेपटीच्या घरात.

ही यंत्रणा शितावरून भाताची परीक्षा करणारी आहे. मुख्य मजकूर छापावा की नाही हे ठरविण्यासाठी पेशी एक छोटे चाचणीवाक्य म्हणून पाहते, आणि त्या वाक्यात जो शब्द उच्चारता येतो की नाही हे पाहावयाचे तोच शब्द मुद्दाम दोनदा घातलेला असतो. आणखी एक जवळची उपमा पाणिनीच्या व्याकरणात सापडते. ‘डुकृञ्’ हा धातू उपदेशात असा पठित आहे. प्रत्यक्ष भाषेत मात्र ‘कृ’ एवढाच उरतो. आरंभीचा ‘डु’ आणि शेवटचा ‘ञ्’ हे इत्संज्ञक. त्यांचा लोप होतो, पण लोपापूर्वी ते आपले कार्य करून जातात. धातू उभयपदी आहे हे तो ‘ञ्’ सांगतो. अग्र-पेप्टाइड हेही असेच. त्याचा लोप होतो. पण त्याच्या उच्चारणाने पुढच्या मजकुराचे भवितव्य ठरून गेलेले असते. फरक आहे तो लक्षात ठेवण्याजोगा: पाणिनीचा अनुबंध व्याकरण जाणणाऱ्यासाठी आहे, त्याला अर्थ आहे. अग्र-पेप्टाइडाला अर्थ नाही. तेथे उच्चारणाची क्रिया, तिचा वेग आणि तिचे अडखळणे हाच संकेत आहे.

एकदा गुरुकिल्ली हाती आल्यावर इतर ऑपेरॉनांची कुलुपे लवकर उघडली. हिस्टिडीनच्या अग्र-पेप्टाइडात सोळापैकी सात हिस्टिडीन, आणि तेही सलग, हे १९७८ मध्ये दिसून आले. फेनिलअ‍ॅलनीनच्या पंधरांत सात फेनिलअ‍ॅलनीन आहेत. ल्यूसीनच्या अठ्ठावीसांत चार ल्यूसीन ओळीने येतात. थ्रिओनीनची गंमत निराळी. त्या ऑपेरॉनच्या एकवीस अमिनो आम्लांच्या अग्र-पेप्टाइडात आठ थ्रिओनीन आहेत आणि चार आयसोल्यूसीनही आहेत. कारण थ्रिओनीन हे आयसोल्यूसीनचे पूर्वद्रव्य, आणि आयसोल्यूसीन संपत आले तर थ्रिओनीन अधिक लागणार. आपल्या विषयातील आयसोल्यूसीन-व्हॅलीन ऑपेरॉनच्या बत्तीसांत पाच आयसोल्यूसीन, सहा व्हॅलीन आणि चार ल्यूसीन आहेत. म्हणजे तिघांपैकी कोणाही एकाचा तुटवडा पडला तरी रायबोसोम अडखळेल आणि निर्मिती वाढेल. संयोजक एंझाइमाला जो भेद करता येत नव्हता, तो या चाचणीवाक्याला करता येतो. पण केव्हा? काही मिनिटांनी, नवी एंझाइमे बनल्यावर. आणि के-१२ मध्ये जी संयोजक एंझाइमे बनतील त्यांनाही माध्यमातले व्हॅलीन लगेच गप्प करील.

व्हॅलीनने कोंडलेल्या पेशीत मग काय घडते? आयसोल्यूसीन संपल्यावर आयसोल्यूसीन वाहून आणणारे आरएनए रेणू रिकामेच राहतात. असा रिकामा वाहक रायबोसोमवर येऊन बसला की तेथे असलेले ‘रेलए’ नावाचे प्रथिन जागे होते आणि ग्वानोसीनच्या एका नेहमीच्या संयुगाला जादा फॉस्फेट जोडून एक नवा रेणू बनविते. १९६९ मध्ये कॅशेल आणि गॅलंट यांना पृथक्करणात हे रेणू अनपेक्षित ठिपक्यांच्या रूपाने दिसले आणि त्यांना गमतीने ‘जादूचे ठिपके’ हे नाव मिळाले. हा रेणू वाढला की नवे रायबोसोम बनविण्याचे काम क्षणार्धात आखडते आणि अनेक अमिनो आम्लांच्या घडणीचे जीन अधिक जोमाने वाचले जातात. पेशी जणू दुष्काळाची दवंडी पिटते. प्रयोगशाळांतून आजही ही स्थिती मुद्दाम निर्माण करावयाची असेल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे के-१२ च्या संवर्धनात व्हॅलीन टाकणे. पूर्वी जे कोडे होते ते आता उपकरण झाले आहे. हेही ध्यानात घ्यावे की, येथे संकेत अमिनो आम्लाच्या असण्याचा नसून नसण्याचा आहे. अभाव हाही पदार्थ मानावा की नाही यावर वैशेषिकांच्या ग्रंथांत पुष्कळ चर्चा आहे. जीवाणूने मात्र अभावासाठी स्वतंत्र रेणू राखून ठेवला आहे.

हे सर्व ज्ञान प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहिलेले नाही. जपानमध्ये क्योवा हाक्को या कंपनीत किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एक जीवाणू शोधून ग्लुटामिक आम्लाचे औद्योगिक उत्पादन सुरू केले. त्याचे वृत्त १९५७ चे आहे. आज तो ‘कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम’ या नावाने ओळखला जातो. पुढे त्याच्याकडून लायसीन काढून घ्यायचे ठरले तेव्हा प्रतिसंभरणाशी गाठ पडली. एशेरिकिया कोलायमध्ये या मार्गाच्या पहिल्या पायरीवर एकच काम करणारी तीन एंझाइमे आहेत. लायसीन, थ्रिओनीन आणि मेथिओनीन यांचे हुकूम त्यांनी आपसांत वाटून घेतलेले आहेत. कोरिनेबॅक्टेरियममध्ये एंझाइम एकच; पण ते लायसीन आणि थ्रिओनीन या दोघांचा हुकूम एकत्र आल्यावाचून थांबत नाही. म्हणून ज्याला थ्रिओनीनचे पूर्वद्रव्य बनविताच येत नाही असा उत्परिवर्तित वाण घेतला आणि त्याला बाहेरून मोजकेच पोषण दिले, की ‘पुरे’ म्हणणारा दुसरा आवाज उठतच नाही आणि लायसीन माध्यमात ओसंडू लागते. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यातील लायसीनचा धंदा या एका व्याकरणनियमावर उभारला गेला. हाच नियम वेगळ्या बाजूने तणनाशकांतही उपयोगी पडला आहे. वनस्पतींतही संयोजक एंझाइम असते, प्राण्यांत नसते. सल्फोनिलयूरिया वर्गाची तणनाशके नेमके तेच एंझाइम बंद पाडतात.

एक प्रश्न मात्र अजून मागे राहिला आहे. साल्मोनेला व्हॅलीनला दाद देत नाही आणि के-१२ देतो, असे का? एशेरिकिया कोलायच्या जनुकीय साठ्यात संयोजक एंझाइमाचे तीन प्रकार लिहिलेले आहेत. पहिला आणि तिसरा व्हॅलीनचा हुकूम मानतात. दुसरा मानीत नाही. साल्मोनेलात हा दुसरा प्रकार शाबूत आहे, त्यामुळे व्हॅलीन कितीही असले तरी आयसोल्यूसीनची वाट मोकळी राहते. के-१२ मध्ये दुसऱ्या प्रकाराचा जीन आहे, पण तो वाचता येत नाही. त्याच्या मध्यावर अक्षरांचा हिशेब चुकलेला आहे. आनुवंशिक मजकूर तीन तीन अक्षरांच्या शब्दांत, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहिलेला असतो. ‘पाऊसपडलारानात’ ही अक्षरे तिनातिनांनी तोडली तर ‘पाऊस पडला रानात’ असे सुबोध वाक्य मिळते. त्यातील ‘ऊ’ गळाला की ‘पासप डलारा नात’ असे होते. शेवटी ‘नात’ हा शब्द अकल्पितपणे हाती लागतो, पण वाक्य गेलेले असते. के-१२ च्या या जीनात असाच पदविच्छेद बिघडून वाचन मध्येच एका विरामाशी संपते, आणि त्याच ऑपेरॉनमधील पुढच्या जीनांचे वाचनही त्यामुळे मंदावते.

के-१२ च्या कोट्यवधी पेशी व्हॅलीन असलेल्या बशीवर पसरल्या तर दोन-तीन दिवसांत तुरळक वसाहती उगवतात. त्यांतील काहींनी व्हॅलीन आत घेणारी वाहतूकच बंद केलेली असते. काहींत संयोजक एंझाइमाच्या हुकूम ऐकणाऱ्या जागेत बदल झालेला असतो. एंझाइम काम करते, पण ‘पुरे’ ऐकत नाही. तिसऱ्या गटातील वसाहतींचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. रामकृष्णन आणि एडेलबर्ग यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांचा अभ्यास केला, तेव्हा झाकोब-मोनो सिद्धांताचा प्रभाव सर्वत्र होता. या उत्परिवर्तनांमुळे ऑपेरॉनमधील अनेक एंझाइमे एकदम वाढत होती. साहजिकच ती ऑपेरॉनच्या नियंत्रक जागेत झालेली असावीत असे मानले गेले आणि त्या जागेच्या आद्याक्षरावरून ‘आयएलव्ही-ओ’ हे नाव त्यांना पडले. १९८१ मध्ये लॉथर, हॅटफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा प्रत्यक्ष अनुक्रम वाचला. उत्परिवर्तने नियंत्रक जागेत नव्हतीच. ती त्या बिघडलेल्या जीनाच्या पोटात होती. अक्षरांचा हिशेब पुन्हा जुळला होता, दुसरे संयोजक एंझाइम पुन्हा बनू लागले होते, आणि पुढच्या जीनांचा अडथळा दूर झाल्यामुळे त्यांची निर्मिती आपोआप वाढली होती. जुन्या प्रबंधांतून हे नाव अद्याप भेटते. त्यातील शेवटचा ‘ओ’ कोणत्या जागेचा निर्देश करण्यासाठी आला होता, हे ठाऊक असल्यावाचून १९८१ पूर्वीचे त्या विषयावरील लेखन नीट वाचता येत नाही.